सुईनं गेलेला पाय

कुत्रं चावलं तेव्हा माझ्या हातात एका पोरीचं बोट होतं.

मी तेव्हा मलेरियावाला होतो. सरकारी कागदावर आमचं नाव मोठं होतं, पण गावोगाव सगळे मलेरियावालाच म्हणायचे. सायकलवरून वस्त्या फिरायच्या, ताप असेल त्याच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि पुढच्या दाराशी जायचं. तेव्हाच्या आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बाजारहत्नूरच्या बाजूची कापसा-ज्वारीची गावं माझ्याकडे होती. ऐंशीच्या दशकातल्या एका वर्षी पावसाळा सरता सरता उटनूरकडच्या जंगलात ताप फार पसरला. तिथला आमचा माणूस स्वतःच आजारी पडला. म्हणून आमच्या सुपरवायझरांनी, राजन्ना सारांनी, मला तिकडच्या एका गुड्यावर धाडलं. गुडा म्हणजे गोंडांची वस्ती. "किसन, दो दिन जाके आ," एवढंच ते म्हणाले. मी गेलो.

पोरगी रडत होती, तिची आई तिला मांडीत धरून होती. कुत्रं मला दिसलंच नाही. भुंकलं नाही, गुरगुरलं नाही. मान खाली घालून आलं, माझ्या मनगटाच्या वर दात रुतवले आणि तसंच पुढे चालू लागलं. त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. ती मी पाहिली आणि पोरीचं बोट सोडलं.

"दादा, हे कालपासून फिरून राह्यलं," ती बाई म्हणाली. "बकऱ्याईले चावलं. पिसाळलं हाय ते."

तिनंच पाणी आणलं, कपड्याचा साबण आणला. कोणी तरी मिरची वाटून जखमेत भरायला निघालं होतं, ते मी भरू दिलं नाही. साबण लावला, पाणी ओतलं, पुन्हा साबण लावला. बाईच्या दोन घागरी संपल्या तरी माझा हात थांबेना. हे वाचणाऱ्या कोणाला कधी कुत्रं चावलं तर एवढंच करा, हळद नको, चुना नको, मिरची नको. साबणानं धुवा आणि दवाखान्याची वाट धरा.

मीही तसाच सायकलवर बसलो आणि निघालो.  

*

मी एक माणूस पाहिला होता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

नोकरीला लागलो त्याच सुमाराची गोष्ट. लाकडं तोडणारा एक धिप्पाड माणूस दवाखान्यात आणला होता. तहानेनं कासावीस झालेला. पण पाण्याचा पेला समोर आला की त्याचा घसा आवळायचा, अंग ताठ व्हायचं. दार उघडून वारा आत आला तरी ओरडायचा. तो शुद्धीवर होता, बायकोला ओळखत होता, भावाला शेतातल्या कामाचं सांगत होता. दोन दिवसांत गेला. या रोगाला एकदा लक्षणं दिसली की औषध नाही, हे मला त्या दिवशी डोळ्यांनी कळलं.

त्यामुळे पोटात सुया घ्यायच्या म्हटल्यावर मी एका शब्दानं कुरकुर केली नाही. त्या काळी आमच्याकडे जी लस मिळायची ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली असायची. रोज एक, अशा पोटात चौदा. मोठ्या शहरांत नवी लस आली होती म्हणे, ती आमच्यापर्यंत पोचली नव्हती. आमच्या खात्याचा तर हुकूमच होता की कर्मचाऱ्याला कुत्रं चावलं तर सुया पुऱ्या करायच्याच. मी रोज सकाळच्या बसनं आदिलाबादला जायचो, पोट उघडं करायचो, परत यायचो. पोटावर जागोजागी कडक गाठी आल्या. रात्री कुशीवर वळता येत नसे.

आठवडाभरात गुड्यावरून निरोप आला. ते कुत्रं नाल्याच्या काठी मरून पडलं होतं. म्हणजे पिसाळलेलंच होतं.

निरोप ऐकला तेव्हा माझी बायको अनसूया चुलीपाशी होती. तिनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. भाकरी करपली. आमची दोन वर्षांची बेबी माझ्या पाठीवर चढत होती. माझ्या मायनं, आईनं, तिला उचललं आणि बाहेर नेलं.

*

दहा-अकरा सुया झाल्या असतील. एका सकाळी पायांना मुंग्या आल्या त्या गेल्याच नाहीत. बसमधून उतरताना गुडघे वाकले आणि मी रस्त्यावर बसलो. वाटलं, रोजच्या धावपळीनं अशक्तपणा आला असेल. सुई घेतली, घरी आलो. दुसऱ्या दिवशी उठलो तर पाय माझे नव्हते. अंथरुणावर दिसत होते, पण हलत नव्हते. लघवी तुंबली होती, पोट फुगलं होतं. मी मोठ्यानं ओरडलो, ते ऐकून शेजारचे धावत आले.

थोरल्या भावानं कोणाची तरी जीप आणली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण त्यात कोणाची चूक नव्हती. तिथले डॉक्टर तरुण होते आणि मराठी बोलायचे. त्यांनी पायाला टाचणी टोचली. मला कळली नाही. मांडीला टोचली, कळली नाही. बेंबीच्या खाली कुठंच कळली नाही. मग त्यांनी परिचारिकेला पाणी आणायला सांगितलं, आणि ते कशासाठी हे मला लगेच समजलं. तो घोट मी कसाबसा गिळला.

"हे दोन कारणांनी होऊ शकतं," ते म्हणाले. "ही लस क्वचित एखाद्याच्या मज्जारज्जूला बाधते. पाय जातात, पण बहुतेक जण सावरतात."

"आन दुसरं?" अनसूयानं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "कुत्र्याचा आजारही कधी कधी पायांपासून चढत जातो."

"मंग हे कोन्तं हाय?"

"काही दिवस बघावं लागेल."

"बघावं म्हंजे काय, डाक्टर साहेब?"

"लसीचं असेल तर ते जगतील," डॉक्टर म्हणाले. 

त्यांनी उरलेल्या सुया बंद केल्या. आणखी लस दिली असती तर पक्षाघात छातीपर्यंत चढला असता. पण माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. सुया पुऱ्या झाल्या नाहीत. कुत्रं मेलेलं आहे आणि सुया पुऱ्या झाल्या नाहीत. सुई घ्यावी तर पाय जातात, न घ्यावी तर जीव जातो. असा मी दोन्हीकडून अडकलो होतो आणि तिथून हलायला मला पायही नव्हते.

*

वॉर्डातला पहिला आठवडा मला पाण्यानं आठवतो.

परिचारिका गोळ्या आणि पेला घेऊन यायची. पेला ओठांजवळ आला की माझा घसा आवळायचा. आता हा भीतीनं आवळला की रोगानं, हे कोण सांगणार? मी पेला खाली ठेवायचो, घाम पुसायचो, पुन्हा उचलायचो. घोट खाली उतरला की पुढच्या गोळीपर्यंत जगल्यासारखं वाटायचं. खिडकीतून वारा आला की मी अंग आखडून वाट बघायचो. आत्ता ओरडेन का? आत्ता?

शेजारच्या खाटेवर बासरचे गंगारामकाका होते. सरस्वतीच्या देवळाजवळ त्यांचं पाटी-पेन्सिलीचं दुकान होतं. लेकरांना पहिलं अक्षर गिरवायला आई-बाप तिथं आणतात, त्यांच्या पाट्या काका विकायचे. जिन्यावरून पडून खुबा मोडला होता. दोन दिवस त्यांनी माझं चाललेलं पाहिलं.

"काऊन रे, पानी पाहून असा काऊन करतं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. वाटलं, म्हातारा आता खाट बदलून मागेल.

 त्यांनी कसाबसा हात लांब करून आपला तांब्या उचलला. "चाल, दोघं पिऊ. मी घोट घेतला की तू घे. मले पाहू नको, भिताडाकडं पाहाय."

त्यांनी घोट घेतला. मी घेतला. त्यांनी घेतला, मी घेतला. पेला रिकामा झाला.

त्यानंतर आम्ही पाणी असंच प्यायलो. त्यांना तहान असो की नसो, माझ्या गोळीची वेळ झाली की ते तांब्या उचलायचे. एकदा ते झोपेत होते तर मी त्यांना उठवलं. ते चिडले नाहीत.

*

घरच्यांबद्दल खरं लिहितो.

माय दवाखान्यात आली तेव्हा दारातच उभी राहिली. तोंडाला पदर लावलेला. माझी ताटली-वाटी तिनं वेगळी करून त्यावर खुणेचा दोरा बांधला होता. बेबीला तिनं मामाच्या गावी पाठवून दिलं होतं, मला न विचारता. मी लेकीचं नाव काढलं तर म्हणाली, "राहू दे तिकडं. तिले काई झालं तर?"

अनसूया भडकली. "माय, हा काई कुत्रा हाय का? दोरा काऊन बांधला?"

"मले दोन लेकरं मातीत घालून झाली," माय म्हणाली. "तुले काय कळते?"

सगळा वॉर्ड ऐकत होता. मी डोळे मिटून घेतले. मायचा राग आला नाही, कारण मी तिच्या जागी असतो तर मीही बेबीला पाठवलंच असतं.

अनसूयाच सगळं करायची. लघवीची नळी, पिशवी, पाठ पुसणं, कुशीवर वळवणं. नवऱ्याला बायकोपुढे असं उघडं पडावं लागतं तेव्हा काय वाटतं ते मी इथं लिहीत नाही. एका संध्याकाळी ती माझे पाय तेलानं चोळत होती. मला ते कळत नव्हतं, नुसतं दिसत होतं. ती मान खाली घालून म्हणाली, "मले भ्या वाटते. तुमाले हात लावतानी बी भ्या वाटते. खोटं काऊन बोलू?"

"मंग नको लावू."

"लावीन," ती म्हणाली आणि चोळत राहिली.

डॉक्टरांनी सूज उतरवणारं जहाल औषध सुरू केलं होतं. माझा चेहरा भोपळ्यासारखा झाला. पण पक्षाघात छातीकडे चढला नाही. दिवस जात होते आणि मी पाणी पीत होतो. एका सकाळी डॉक्टर खाटेच्या कडेवर बसले, तसे ते कधी बसत नसत. "कुत्र्याचं असतं तर एव्हाना कळलं असतं," ते म्हणाले. "हे लसीचंच आहे."

अनसूया भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. त्या दिवशी माय आली ती सरळ खाटेपर्यंत आली. माझ्या पेल्यात अर्धा चहा उरला होता. तिनं तो उचलला आणि पिऊन टाकला.

मला मात्र एवढ्यानं खात्री पटली नाही. त्या रोगाची मुदत लांब असते हे मला माहीत होतं. महिन्यांनी, कधी वर्षानंही तो उठतो असं मी ऐकलं होतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी पाण्याचा पेला हातात आला की मी आधी घसा तपासायचो.

*

उजव्या पायाचा अंगठा आधी हलला. मला वाटलं भास झाला. गंगारामकाकांना सांगितलं तर ते म्हणाले, "हालव पुन्हा." मी जोर लावला. अंगठा हलला. काकांनी इतक्या मोठ्यानं हाक मारली की परिचारिका पळत आली, तिला वाटलं काही विपरीत घडलं. काका त्याच आठवड्यात घरी गेले. पुढे आमची भेट झाली नाही.

नळी निघाली. उजवा पाय बराच परत आला. डावा मांडीपर्यंत आला आणि तिथं थांबला. घोट्याखाली पाऊल लोंबतं राहिलं, चालताना जमिनीवर फटकन आपटायचं. भावानं बांबूची काठी करून दिली. अंगणात दहा पावलं चाललो की ऊर भरून यायचा. मग आठवायचं की माझी नोकरी सायकलवरची आहे.

रजा केव्हाच संपली होती. पगार थांबला होता. अनसूया भावाच्या मळ्यातली वांगी-मिरची घेऊन बाजारात बसायला लागली. मला कोणी तरी सांगितलं की ड्युटीवर इजा झाली तर त्याची वेगळी पगारी रजा असते, आणि अंग कायमचं अधू झालं तर भरपाईही मिळते. माझ्यासारख्या मलेरियावाल्यालाही तो हक्क आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. म्हणून मी दरख्वास्त घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. अनसूया सोबत होती.

हेडक्लार्क वाईट माणूस नव्हता. त्यानं बसायला खुर्ची दिली. मग म्हणाला, "कुत्रं ड्युटीवर चावलं, ते समजा मानलं. हाताची जखम भरली ना?"

"भरली."

"मग झालं. पाय काय कुत्र्यानं नेले? पाय सुईनं गेले. सुई म्हणजे इलाज. इलाज मानवला नाही, तर ती इजा ड्युटीवरची कशी होते? आणि दुसरं, तो गुडा तुमच्या हद्दीत नव्हता. तिथं कोणाच्या हुकमानं गेलात?"

"राजन्ना सारांच्या."

"लेखी?"

"तोंडी." तो म्हणाला, वैद्यकीय बोर्डापुढे उभं राहावं लागेल, तिथं काय ते ठरेल.

बाहेर आल्यावर अनसूया म्हणाली, "कुत्रं चावलं नसतं तं सुई काय हौसेनं घेतली असती?"

"हे आत बोलायचं होतं."

"आत माह्या तोंडातून शब्द निघून नाई राह्यला होता," ती म्हणाली आणि रडू लागली.

*

राजन्ना सार मला बघायला एकदाही आले नव्हते. दवाखान्यात नाहीत, घरी नाहीत. मी मनातून धरून चाललो होतो की ते हात झटकणार. तोंडी हुकूम दिला हे कबूल केलं तर त्यांच्यावरच बालंट येणार होतं. अनसूया एकटी त्यांच्या घरी गेली. काय बोलली ते मला आजही तिनं सांगितलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ते आले. दारात चपला काढल्या, आत आले आणि माझ्या लोंबत्या पावलाकडे बघून लगेच नजर वळवली.

"डरता था किसन," ते म्हणाले. "पहले डरता था तू मर जाएगा. बाद में तेरे पाँव को देखने को डरता था. मैंने भेजा था ना."

"बोर्डासमोर सांगाल, सार?"

 मायनं आणलेला चहा निवून गेला. "हौ," ते शेवटी म्हणाले. "बोलतौं."

बोर्डाच्या आधीचे दिवस मला दवाखान्याइतकेच भीतीचे गेले. भाऊ म्हणायचा, "पुरा अपंग दाखव. भरपाई घे न् घरी बैस." कामावरचा एक सोबती म्हणायचा, "जास्ती लंगडू नको, नोकरीतूनच काढतील." चांगलं चाललो तर म्हणतील काही झालंच नाही. वाईट चाललो तर म्हणतील कामाला नालायक. चालायचं तरी कसं, हे मला कळेनासं झालं. लहानपणापासून जी गोष्ट विचार न करता केली तिचीच आता परीक्षा होती.

तीन डॉक्टर टेबलामागे बसले होते. मध्ये एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. "काठी ठेवा आणि भिंतीपर्यंत जाऊन या," त्या हिंदीत म्हणाल्या.

मी ठरवलं होतं, जमेल तसं चालायचं. निघालो. पाऊल फटफट वाजत होतं. भिंतीपाशी वळताना डावा पाय अडकला आणि मी धाडकन आडवा पडलो.

टेबलामागून कोणी तरी हसल्यासारखा आवाज केला.  ह्यांना वाटलं मी नाटक केलं. सगळं बुडालं. मी हात टेकून उठायला गेलो.

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि फरशीवर बसल्या. पदर खोचून, सरळ फरशीवर. त्यांनी माझं पाऊल मांडीवर घेतलं, पर्समधून किल्ली काढली आणि तळव्यावरून ओढली. माझा अंगठा आपोआप वर उठला. त्यांनी पुन्हा ओढली, पुन्हा उठला.

"चांगल्या पायाचा अंगठा खाली वळतो; हे कोणाला मुद्दाम करता येत नाही," त्या बाकीच्या दोघांकडे वळून म्हणाल्या. मग मला विचारलं, "सायकल येते आता?"

"नाही, बाई."

"बसून काम कराल?"

"द्याल ते करीन."

मग राजन्ना सारांना बोलावलं. त्यांनी हात मागे बांधले होते, शाळेत उभं केल्यासारखे. गुड्यावर मीच तोंडी पाठवलं, ते म्हणाले. कचेरीच्या माणसानं सुईचा मुद्दा काढला. इलाजाची जबाबदारी खात्याची कशी?

"सार, सुई घे म्हणून खात्याचाच हुकूम आहे," राजन्ना सार त्यांच्या हिंदीत म्हणाले. त्यांनी मागे बांधलेले हात सोडले. "यानं घेतली नसती तर मीच याला नोटीस दिली असती. घेतली म्हणून पाय गेला. आता म्हणता, तुझी तू घेतलीस?"

 डॉक्टरीणबाई लिहू लागल्या.

*

निकाल यायला पुढचा पावसाळा उजाडला. माझी गैरहजेरी ड्युटीवरच्या इजेची पगारी रजा म्हणून मंजूर झाली. मला आरोग्य केंद्रात बसून करायचं काम मिळालं. गावोगावच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या आणि कोणाच्या रक्तात हिवताप आहे ते सांगायचं. पायाची भरपाई त्यानंतर खूप उशिरा आली, मागितली होती त्यापेक्षा कमी. राजन्ना सारांना लेखी हुकूम न दिल्याबद्दल ताकीद मिळाली. ते मला त्यांनी सांगितलं नाही, दुसऱ्यांकडून कळलं.

एवढ्यावर हे लिहिणं थांबवता आलं असतं. पण ज्यासाठी लिहायला बसलो ती गोष्ट पुढेच आहे.

माझ्या पायाची गोष्ट आसपासच्या गावांत पसरली. बाजारात, बसमध्ये, लग्नात लोक सांगायचे की सुया घेतल्या तर मलेरियावाल्या किसनसारखं होतं. कचेरीत मी हेच तर सिद्ध केलं होतं, सुईनं पाय गेला म्हणून. नव्वदच्या दशकात त्याच सुया आमच्या केंद्रावरही मिळू लागल्या. एकदा तिथले डॉक्टर मला म्हणाले, "कुत्रं चावलेली माणसं सुई न घेता परत चालली आहेत. तुमचं नाव सांगतात." मी त्या रात्री जेवलो नाही. तो लाकूडतोड्या मी पाहिला होता, त्यांनी पाहिला नव्हता.

मग कमलबाई आली. कापूस वेचताना तिच्या पोटरीला कुत्रं चावलं होतं. नवरा ओढून आणल्यासारखा तिला घेऊन आला. ती ओट्यावर बसली आणि आत यायला तयार होईना. डॉक्टरांनी मला बोलावलं.

मी काठी टेकत बाहेर गेलो. ती आधी माझ्या पायाकडेच बघत होती.

"तुमीच ते?"

"मीच तो."

"मंग तुमीच सांगा. सुईनंच झालं ना हे?"

"सुईनंच झालं."

डॉक्टर दारात उभे होते. त्यांचा चेहरा पडला. पण तिच्याशी खोटं बोलून काय होणार होतं? मी तिच्या शेजारी ओट्यावर बसलो आणि तिला त्या माणसाचं सांगितलं. त्याची तहान, त्याचं ओरडणं, बायकोला ओळखणं, सगळं. माझ्यासारखं क्वचित एखाद्याला होतं, आणि कुत्र्याचा रोग झाला तर एकही वाचत नाही, हेही सांगितलं. ती ऐकत होती. मग तिनं मला सरळ विचारलं,

"आता पुन्हा कुत्रं चावलं, तं तुमी घ्याल?"

 हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वर्षांत विचारला नव्हता. पोटातल्या गाठी आठवल्या, ती सकाळ आठवली, अंथरुणावर पडलेले ते परके पाय आठवले. ती माझ्याकडून नजर हटवेना.

"घेईन," मी म्हणालो.

"भ्या नाई वाटणार?"

"लय वाटंल. भेतभेत घेईन."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग उठली आणि आत गेली.

तिच्या सुया चालल्या तेवढे दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. रोज सुई टोचायच्या आधी मी तिला ओट्यावर बसवायचो आणि पायाची बोटं हलवायला लावायचो. टाचांवर चाल, चवड्यांवर चाल, मुंग्या येतात का, लघवी नीट होते का. परक्या बाईला असलं काही विचारताना मला लाज वाटायची, पण विचारायचो. पहिले काही दिवस ती घाबरून सांगायची. मग कंटाळून सांगायला लागली. शेवटी शेवटी हसायची, "हालतात हो, हालतात!" तिला हसू येत होतं आणि माझ्या पाठीवर घाम फुटत होता. तिचा पाय गेला असता तर तो माझ्या शब्दामुळे गेला असता.

सुया संपल्या. ती गावी गेली. सुया संपल्यावरही काही आठवडे धोका असतो हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. तिच्या गावाकडून कोणी आलं की मी विचारायचो. एकदा कोणी तरी म्हणालं, ती बिमार हाय. मी जेवण सोडून बसलो. नंतर कळलं, साधा हिवताप होता. तिची काचपट्टी माझ्याच टेबलावर आली.

पुढे एका बाजाराच्या दिवशी मी केंद्राच्या पायरीवर उभा होतो. नुकताच पाऊस पडून गेला होता, रस्त्यावर चिखल होता. कमलबाई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन येत होती. मला पाहिलं आणि रस्त्याच्या मधोमध थांबली. एका हातानं पाटी सावरली, दुसऱ्या हातानं लुगडं पोटरीपर्यंत उचललं आणि ओरडली, "ओ मलेरियावाले! पाहून घ्या, दोनी हायेत!"

बाजारातली माणसं हसायला लागली. मी पाहिले. चिखलानं माखलेले, चांगले भक्कम पाय होते. ती चवड्यांवर उभी राहिली, टाचांवर उभी राहिली, पाटी जराही हलली नाही, आणि मग बाजाराच्या गर्दीत चालू लागली.